वजन उतरतंय, कपाट मागेच राहिलंय

अबोली_फोंडा
नमस्कार मंडळी. काय खावं आणि किती चालावं यावर इथे धागे पुष्कळ आहेत. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

जानेवारीत रक्त तपासलं तेव्हा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभ्या आहात. वजन ८४. तेव्हापासून दुपारचं शीत (भात) निम्म्यावर आणलं, चार वाजताची भजी बंद केली (हे सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला बोलू) आणि रोज पाऊण तास चालते. आज काटा ७१ दाखवतोय. ६५ पर्यंत जायचंय.

आता अडचण कपाटाची. चौदा ब्लाउज आहेत, चौदाही ढगळ. गेल्या आठवड्यात ऑफिसात वरच्या फळीवरची फाइल काढायला हात वर केला आणि खांदा घसरून थेट दंडावर आला. तेव्हापासून पदराला एक पिन आणि खांद्याला दोन अशा तीन पिना लावून मी फोंडा-पणजी कदंब बस पकडते. साडी तेवढी इमानदार. पाच निऱ्या पडायच्या तिथे सहा पडतात, कधी सात, एवढाच फरक. कुडत्यांत मात्र मी कुठे आहे ते शोधावं लागतं.

चवथ (गणेश चतुर्थी) तीन आठवड्यांवर आलीय. सावईवेऱ्याला सासरी गेले होते, तर शेजारच्या मावशीने दारातच विचारलं, "सुकलें गो तूं, दुयेंत आसलें?" म्हणजे सात महिने घाम गाळून मी आजारी दिसते! आरशात बघितलं तर मावशीचंही चुकलं नव्हतं. एवढ्या मोठ्या बाहीतून बाहेर आलेला हात कुणाचाही आजाऱ्यासारखाच दिसेल.

आमचा टेलर म्हणतो, चवथीआधी नवं घेत नाही आणि जुनं फिटिंग तर मुळीच नाही. तर सांगा, घरीच काही करता येईल का? की ६५ येईपर्यंत पिनांवर दिवस काढू? मधल्या काळासाठी नवं घ्यायचं तर किती? आणि या मोठ्या कपड्यांचं काय करू? नवरा म्हणतो देऊन टाक. सासूबाई म्हणतात ठेव, वजन काय, जातं तसं येतं.

मांडवीकाठ
अभिनंदन ताई! नवऱ्याचं ऐका. मोठे कपडे घरात ठेवले म्हणजे परतीची वाट मोकळी ठेवली. मी माझ्या सगळ्या पँटी एका दिवसात बाहेर काढल्या. आता जरा वजन चढलं की पँट लगेच टोचते, वेगळा काटा लागत नाही.

सुशेगाद_४५
ताई, तुम्ही एवढं चालून १३ किलो घालवलंत. माझं काहीच न करता चार महिन्यांत सहा गेलं. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली. पूर्वीसारखाच जेवतो, उलट जास्तच. नशीबवान म्हणायचं, दुसरं काय!

टीपटाका
अबोलीताई, मी डिचोलीची. बावीस वर्षं घरीच शिवण करते. टेलरवर रागावू नका, चवथीआधी आम्हाला जेवायला फुरसत नसते. पण तुमचं काम घरी होण्यासारखं आहे.

आधी ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण बघा. शिवून घेतलेल्या ब्लाउजला आत इंच-दीड इंच माया (जादा कापड) सोडलेली असते. कात्री अजिबात लावायची नाही. जुनी शिवण तशीच राहू दे, तिच्या आत अर्ध्या इंचावर नवी टीप मारा. बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि काखेतून खाली कमरेपर्यंत, एका ओळीत, मध्ये न तोडता. अर्धा इंच ऐकायला कमी वाटतं. पण तो पुढच्या भागातून अर्धा आणि मागच्या भागातून अर्धा जातो, दोन्ही बाजू धरून छातीला पूर्ण दोन इंच कमी होतात. टाका मोठा ठेवा, म्हणजे उसवताना दोरा एका ओढीत निघतो. तुमचं अजून सहा किलो जायचंय म्हणता, तर दोन-अडीच महिन्यांनी हीच टीप परत आत घ्यावी लागेल. आजच माया कापून ओव्हरलॉक केलंत तर तो ब्लाउज पुढे ना सैल करता येणार, ना दुसऱ्या कुणाला देता येणार.

आता हे कुठे चालत नाही ते सांगते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरून अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली उतरली असेल, तर बाजूने कितीही आत घ्या, मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) झोळ राहतोच. बाही काढून मुंढा नव्याने कापायला हवा. त्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात मी नवा ब्लाउज शिवते, म्हणून मी गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणते. कटोरी ब्लाउजचंही तसंच. छातीला तीन इंचांच्या पुढे आत घेतलं की कटोरी रिकामी पडते, वरून चुण्या दिसतात. साध्या टक्सचे ब्लाउज बिचारे जास्त सोसतात.

तुमचा खांदा घसरतो त्याला तात्पुरता उपाय आहे. खांद्याच्या शिवणीला आतून दोन इंची कापडी पट्टी एका टोकाने शिवा आणि दुसऱ्या टोकाला टिचबटण लावा. आतल्या कपड्याच्या पट्ट्याला ती गुंडाळून बटण दाबलं की ब्लाउज जागचा हलत नाही. तुमच्या तीन पिनांपैकी दोन सुटतील.

चौदाच्या चौदा करत बसू नका. चवथीला नेसायच्या साड्या ठरवा, चार किंवा पाच, तेवढेच ब्लाउज करा.

रात्रपाळी
विषयांतर होतंय, पण @सुशेगाद_४५, मी परिचारिका आहे. प्रयत्न न करता सहा-बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर डॉक्टर ते तपासून बघतातच. तुमचं चार महिन्यांत सहा किलो, आणि भूक वाढलेली. तहान जास्त लागते का? रात्री लघवीला उठावं लागतं का? उद्या सकाळी उपाशीपोटी साखर तपासा, थायरॉइडही. पट्ट्याला तिसरं भोक नंतर पाडा.

सुशेगाद_४५
रात्री तीनदा उठतो. मला वाटलं वय झालं.

रात्रपाळी
उद्या सकाळी म्हणजे उद्या सकाळी. रविवारचं मासळीचं जेवण आटोपून सोमवारी नव्हे.

वेर्णा_शिफ्ट
पुरुषांच्या बाजूने थोडं. मी ९६ वरून ८१ वर आलो. मी वेर्ण्याला औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, गणवेश वर्षातून एकदाच मिळतो. मी तो तसाच घालत होतो, सुपरवायझरने हटकलं. चालत्या मशीनपाशी ढगळ बाही म्हणजे अपघाताला आमंत्रण. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच दिवशी बाह्या आणि कंबर आत घेतली.

पँटचा अनुभव असा की मागची मधली शिवण उसवून दीड-दोन इंचांपर्यंत कंबर आत घेता येते. टेलरकडे शिवलेल्या पँटला तिथे माया असते, रेडिमेडलाही आत घेणं जमतं, सैल करणं मात्र जमत नाही. मी हावरटपणा करून तीन इंच घ्यायला लावली, तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला आले. बायको म्हणाली, पाठमोरा उभा राहू नकोस. पट्टा आवळून दिवस काढायचा प्रयत्नही केला. पुढे कमरेला चार चुण्या पडतात आणि पोट होतं त्यापेक्षा मोठं दिसतं, म्हणजे कष्ट पाण्यात.

शर्ट मी एकही दुरुस्त केला नाही. खांदा उतरला की शर्ट संपला. दोन नवे घेतले, धुऊन-वाळवून आलटून पालटून घालतो. पावसात वाळत नाहीत ही गोष्ट वेगळी.

खाजेंवाली
मांडवीकाठ यांचं मला पटत नाही. मीही आधी असंच केलं होतं. १४ किलो उतरवलं आणि मोठे कपडे सगळे वाटून टाकले, मैत्रिणींना फोटो पाठवले, केवढा तोरा! दीड वर्षाने गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चालणं बंद, पाच महिने घरात. नऊ किलो परत आले. त्या दिवसांत अंगात घालायला दोन गाऊन सोडून काही नव्हतं. आधीच मन खचलेलं, त्यात दुकानात उभं राहून परत तोच मोठा नंबर मागायचा. दुकानातली मुलगी सरळपणे विचारते, "मॅडम, तुम्हालाच का?"

टोचणाऱ्या पँटमुळे वजन आटोक्यात राहतं असं म्हणताय, राहत असेल तुमचं. माझं गुडघ्याने वाढवलं, पँटचा त्यात काय संबंध?

आता मी असं करते. आजच्या मापाच्या वरचा एक नंबर ठेवते, त्याच्या वरचं देऊन टाकते. आणि ठेवलेलं रोज डोळ्यांसमोर नको म्हणून पलंगाखालच्या पेटीत. अबोलीताई, तुमच्या सासूबाई शहाण्या आहेत.

मांडवीकाठ
गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं. माझं बोलणं सरसकट होतं, मान्य. तरी एक नंबर ठेवायचा म्हणजे किती नग? माझ्या बहिणीने असं म्हणत म्हणत दोन गोदरेज भरलीत.

खाजेंवाली
सात. एक आठवडा निघाला पाहिजे, त्यापुढे वॉशिंग मशीन आहेच.

कुळागर
पेटीत ठेवायचं म्हणताय, पण आत्ता ठेवू नका! श्रावण चाललाय. हवेतच एवढी ओल आहे की वाळलेला कपडाही खरा वाळलेला नसतो. मी दोन वर्षांपूर्वी ऐन ऑगस्टमध्ये उत्साहाने जुने कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, गच्च बांधून माळ्यावर टाकले. दिवाळीत उघडले तर काळे ठिपके, आणि वास असा की पिशवी अंगणातच ठेवली. आतली ओल आतच कोंडते, बुरशीला आणखी काय हवं!

दसऱ्यापर्यंत थांबा. पाऊस सरला की कडक ऊन दाखवा (रेशमी असेल तर सावलीत वारा द्या) आणि मग सुती कापडात गुंडाळून ठेवा. ठेवण्याआधी खळ धुऊन काढा. खळीवर बुरशी धरते आणि कसरही तीच खायला येते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. आमच्याकडे जुन्या लाकडी कपाटात आजीच्या वेळेपासून एक छोटा बल्ब जळत असतो, त्या उबेने आतला कपडा कोरडा राहतो. पूर्वी गोव्यात घरोघरी असायचा. हल्लीचे बल्ब तापत नाहीत, त्यामुळे आता ओल शोषणारे डबे ठेवतो. पावसाळ्यात महिन्या-दीड महिन्यात तळाशी पेलाभर पाणी साचतं. ते बघितलं की कळतं, आपले कपडे कसल्या हवेत राहतात.

अजून एक, इलॅस्टिकचे कपडे वर्षानुवर्षं साठवण्यात अर्थ नाही. न वापरताही इलॅस्टिक मरतं. "पुढेमागे लागेल" म्हणून ठेवलेल्या लेगिंग्ज काढाल तेव्हा पायात चढतील आणि घोट्यावर उतरतील.

अबोली_फोंडा
किती छान माहिती! टीपटाका ताई, रात्री दोन सुती ब्लाउज केले. सासूबाईंच्या पायमशीनवर. टीप थोडी वाकडी गेली, पण अंगात घातल्यावर मी मला परत सापडले.

एक शंका. लग्नातला हिरवा रेशमी ब्लाउज आहे, बावीस वर्षांपूर्वीचा. मुलीच्या वेळी सैल केला, मग मुलाच्या वेळी, मग तसाच. आत उघडून बघितला तर बाजूच्या मायेवर जुन्या शिवणींच्या तीन रेघा दिसतात, बारीक भोकांच्या. अगदी आतली रेघ लग्नाच्या मापाची. मी आता मधल्या रेघेपाशी आहे. त्याच भोकांवरून शिवलं तर चालेल का? मशीन लावायला हात धजत नाही.

टीपटाका
वा! अशा जुन्या मायेवर बाईची सगळी बाळंतपणं मोजता येतात. गिऱ्हाईक बोलायच्या आधी मला कळतं.

ताई, सुती कापडावरची भोकं धुण्यात बुजतात, रेशमावरची नाही. म्हणून रेशमावर अंदाजाने टीप मारायची नाही. आधी बारीक सुईने हाताने धावदोरा घाला, अंगात घालून दोन्ही हात वर करून बघा, बसून बघा. बरोबर बसला की मग जुन्या रेघेवरूनच मशीन फिरवा, सुई नंबर ११. जुन्या रेघेवर कापड विरलेलं दिसलं तर दोऱ्याभर आत सरका, नाहीतर ताण आला की तिथेच टर्रकन फाटेल. अस्तर असेल तर दोन्ही थर एकत्र धरा.

पिंपळकट्टा
कुणी काढलं नाही म्हणून मी काढते. आतले कपडे! बायका साड्या-कुडत्यांचा एवढा विचार करतात आणि आत दोन नंबर मोठं घालून फिरतात. मग वरचा कितीही फिटिंगचा ब्लाउज घाला, बसणार कसा? तिथे ६५ किलोची वाट बघायची नाही. आजच्या मापाचे दोन घ्या, जास्त नकोत. छातीखालचं माप टेपने घ्या आणि नवं घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसतंय ते बघा, म्हणजे सैल होत जाईल तसं आतल्या हुकांवर सरकता येतं. आणि ब्लाउजची फिटिंग नवं घालून मगच करा. उलट केलंत तर सगळी टीप परत उसवावी लागेल (विचारू नका मला कसं माहीत).

बाकी मधल्या काळासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. नाडीची पलाझो, सरळ सुती कुडते, घासाघीस करून दोन-तीन. चार महिन्यांसाठी महागाचं घेऊ नका आणि "६५ झाल्यावर घालीन" म्हणून छोटा नंबर तर मुळीच घेऊ नका. माझ्याकडे असा एक निळा ड्रेस सहा वर्षं चिठ्ठीसकट लटकतोय. रोज सकाळी कपाट उघडलं की तो माझ्याकडे बघतो.

घुमट
+१ पलाझोला. आणि अंगठ्यांचं कुणी बोला! माझं दहा किलो उतरलं तेव्हा नेवऱ्यांचं (करंज्यांचं) पीठ मळताना साखरपुड्याची अंगठी गेली. सगळं घर शोधलं, मोरी उपसली. तळलेल्या नेवऱ्यांपैकी एकीत निघाली. ती जावेच्या ताटात पडली हे माझं दुर्दैव.

सोनाराने सांगितलं, वजन तीन-चार महिने एका जागी टिकल्याशिवाय अंगठी कापू नका. तोवर आतल्या बाजूने दोरा गुंडाळा, आमच्या आया करायच्या तसा. माप द्यायला सकाळी जाऊ नका, तेव्हा बोटं बारीक असतात. दुपारनंतर जा. काकणकाराकडेही मी आता बांगडीच्या मापात २-६ वरून २-४ वर आले. म्हणजे दोन इंच आणि सोळांश चार, हे मला परवाच कळलं. इतकी वर्षं मी ते दशांश समजत होते.

सुशेगाद_४५
उपाशीपोटीची साखर २३८ आली. गोळ्या सुरू केल्यात, बुधवारी परत बोलावलंय. रात्रपाळी ताई, देव बरें करूं. धागा कपड्यांचा आणि मी हे लिहितोय, क्षमस्व.

रात्रपाळी
क्षमा कसली! मधुमेह आहे, तर आता पायांना सैल बूट घासू देऊ नका, रोज रात्री तळवे बघा. उपचाराने वजन थोडं परत येईल, घाबरू नका. पट्ट्याचं जुनं भोक शाबूत ठेवा.

वेर्णा_शिफ्ट
देऊन टाकायच्या कपड्यांबद्दल राहिलं. धुवा, बटणं लावा, चेन चालते का बघा, साडीबरोबर तिचा ब्लाउज आणि परकर द्या. आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात न विचारता पिशवी कोंबू नका. तिलाही माप आहे, आवड आहे. आमच्याकडच्या मावशींनी मला स्पष्ट सांगितलं, "हें म्हाका नाका, हो रंग बरो ना." विरलेल्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्या. आईने दोन शिवल्या, डिसेंबरात उपयोगी पडतात.

अबोली_फोंडा
काल पाच दिवसांचं विसर्जन झालं, आज लिहायला बसले.

पाच ब्लाउज झाले. पिंपळकट्टा यांचं ऐकून आधी आतलं घेतलं, आणि खरंच, दोन ब्लाउजना काही करावंच लागलं नाही. मोठ्या कुडत्यांपैकी सात ठेवले. बाकीचे बाजूला काढलेत, दसऱ्यानंतर ऊन दाखवून देईन. तोवर खुर्चीवर ढीग आहे आणि नवरा रोज त्याला नमस्कार करून जातो.

तयेच्या दिवशी (चतुर्थीच्या आदल्या दिवशी) तो हिरवा ब्लाउज काढला. धावदोरा आदल्या रात्रीच घातला होता, हात वर करून बघितला, बसून बघितला, सगळं ठाक. मशीन फिरवायचं तेवढं राहिलं, कारण खतखत्याची भाजी चिरायची होती आणि माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायला सगळे माझ्याच नावाने हाका मारत होते. म्हटलं, एक दिवस तर घालायचाय. चतुर्थीला तोच घातला. आरतीपर्यंत उत्तम. "दुयेंत आसलें?" विचारणाऱ्या मावशी चुलीपासून उठून आल्या, दंडाला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आतां बरें दिसता." मग फुगडीला ओढलं मला. तिसऱ्या गिरकीला उजव्या बाजूने टर्र टर्र टर्र असा काखेपासून कमरेपर्यंत आवाज आला. घुमट वाद्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, पण फुगडीतल्या जोडीदारणीने बघितलं. त्या घुमट यांच्या नेवरीवाल्या जावेसारख्याच, माझ्या जाऊबाई. पदर लपेटून घेतला आणि उरलेली चवथ तशीच काढली.

कापड फाटलेलं नाही, फक्त दोरा सुटला. टीपटाका ताई, आता मशीन मारते.

टीपटाका
धावदोरा माप बघायला असतो, फुगडीला नसतो! उजवीकडची भोकं बघून घ्या, ओढली गेली असतील तर पाठवा माझ्याकडे. चवथ झाली, आता फुरसत आहे.